हलकी, पण चांगली

माझा डावा खांदा गेल्या वर्षी कामातून गेला. कल्पना त्यानं आधीच दिली होती. रविवारी संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवून उभा राहिलो की थोड्या वेळानं करंगळीला मुंग्या यायच्या, मग मनगटाला, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत डावा हात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटू लागायचा. तो दुसरा माणूस वाजवायला माझ्याहून वाईट होता.

मल्लेश्वरममध्ये आमच्या घराजवळ एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांनी माझी मान डावीउजवीकडे फिरवून पाहिली आणि विचारलं, "गळ्यात काय घालता तुम्ही?"

मी सांगितलं.

"वजन किती त्याचं?"

मला माहीत नव्हतं. कॉलेजात असताना घेतलेली गिटार. तिला काट्यावर ठेवावं असं कधी मनात आलं नव्हतं. बसून वाजवलं तर चालेल का, असं मी विचारलं.

"बसलात की मान वाकवून बोटांकडे बघणार. आणि दुखणं मानेतच आहे. हलकी बघा एखादी, नाहीतर सोडून द्या."

सोडून द्या म्हणणं सोपं होतं. आम्ही चौघं कॉलेजपासून दर रविवारी ड्रमवाल्या मित्राच्या गॅरेजमध्ये वाजवतो. ऐकायला कुणी येत नाही, आणि आता कुणी यावं अशी आमचीही अपेक्षा नाही. पण आठवड्यातली बाकीची सगळी कामं मी कुणाच्या तरी सांगण्यावरून करतो. हे एकच काम असं आहे की ते केलं नाही तर कुणी ईमेल पाठवणार नाही. त्यातच ड्रमवाल्यानं आपल्या भाच्याचा विषय काढायला सुरुवात केली होती. भाचा गिटार छान वाजवतो, इंटरनेटवर शिकलाय, रविवारी मोकळाच असतो. पहिल्यांदा हे मी कौतुक म्हणून ऐकलं. नंतर नंतर ती चौकशी वाटायला लागली.

म्हणून मी नवी गिटार घ्यायचं ठरवलं.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्यानं राहते. कोरमंगलात एका कंपनीत काम करते आणि शनिवारी कुठल्याशा बँडमध्ये वाजवते. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या कानडी मुलखात राहिलेलं, त्यामुळे आमच्या मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' हरघडी येतात. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "काका, तुम्ही इतकं छान मराठी कुठे शिकलात?" घरी, असं मी सांगितलं. त्यावर ती इतकी ओशाळली की आमची लगेच मैत्री झाली.

जिन्यात गाठून मी तिला म्हणालो, "मला एक गिटार घ्यायची आहे. नवी. हलकी हवी."

"हलकी?"

"हलकी, पण चांगली."

"बरं," ती हळूच म्हणाली आणि तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला तिचं कौतुक वाटलं. माझ्या खांद्याचं तिला न सांगता कळलं, असं मी समजलो. ती नजर खांद्यासाठी नव्हती हे कळायला पुढचे बरेच शनिवार जायचे होते.

पहिल्या शनिवारी मेट्रोनं आणि मग रिक्षानं मी कोरमंगलात गेलो. त्या दुकानात एका जुन्या अमेरिकन कंपनीच्या गिटारी काचेच्या कपाटांत, देवळातल्यासारख्या मंद उजेडात ठेवल्या होत्या. विक्रेत्यानं एक काढली ती दोन्ही हातांनी, मान झुकवून.

"सर, ही नुसती गिटार नाही. हा वारसा आहे."

"कुणाचा?"

"सर?"

"वारसा म्हणालात. कुणाचा?"

त्यानं थोडा विचार केला. "कंपनीचा, सर."

कंपनीचा वारसा मी गळ्यात घातला. तो माझ्या जुन्या गिटारीपेक्षा रतीभरही कमी नव्हता. यापेक्षा कमी वजनाची दाखवा म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. आवाज वजनातच असतो, त्यानं समजावलं. लाकूड घट्ट असलं की सूर लांबतो, तार छेडून तुम्ही कॉफी पिऊन आलात तरी तो चालूच असतो. मला सूर इतका लांबवायचा नव्हता. कॉफी मी गाणं संपल्यावर पितो.

दुसरी कंपनी त्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला. तिथल्या विक्रेत्यानं मी कुठून आलो ते ओळखलं असावं. "ते लोक भूतकाळ विकतात सर, आम्ही भविष्यकाळ." भविष्यकाळ आतून पोकळ केलेला होता, त्यामुळे खरोखरच वजनाला कमी होता, आणि क्षणभर मला हायसं वाटलं. पण धड कमी करताना मानेचा विचार कुणी केलेला दिसला नाही. हात सोडला की ती गिटार मान खाली टाकायची आणि डाव्या हातानं तिला सतत वर उचलून धरावं लागायचं. स्वतःच्या मानेचं औषध शोधायला आलेल्या माणसाला आणखी एक मान सांभाळायला देणारं वाद्य मी आदरपूर्वक परत केलं.

घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. "झालं का?"

"नाही."

"अहो, एवढी दुकानं आणि एक मिळेना? आपलं लग्नसुद्धा एका भेटीत ठरलं."

"म्हणूनच या वेळी नीट बघतोय."

"सरी," ती म्हणाली आणि तिनं निवडलेल्या शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "तोवर हे आत ठेवा. उजव्या हातानं."

पुण्याची मुलगी तिच्या परीनं शोधत होती. ऑफिसातून येता येता दुकानात डोकावायची आणि जिन्यात मला अहवाल द्यायची. एकदा म्हणाली, "काका, एका दुकानात एक जपानी आलीये. निळी. भारी आहे हो. इतकी भारी मी या गावात पाहिलीच नाहीये." मग जरा थांबून, "पण ती तुमच्यासाठी नाही. जाऊ दे."

"नाहीच," मी म्हणालो. "भारी मला नकोच." तिनं सांगितलं हे बरं झालं, एक खेप वाचली, असं मला वाटलं. निळी मी मनातून काढून टाकली.

राहिलं होतं बोम्मसंद्रा. तिथं कारखान्यांच्या मध्ये एका शेडमध्ये एकजण हातानं गिटारी बनवतो, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. आता तिथवर मेट्रो जाते, म्हणून एका शनिवारी तिथंही गेलो. शेजारच्या शेडमध्ये पत्रे कापत होते. या शेडमध्ये उदबत्ती लावली होती. बनवणारे गृहस्थ लिननचा झब्बा घालून होते आणि कंपन्यांविषयी त्यांना काही बोलायचं नव्हतं. ते न बोलण्यात त्यांनी बराच वेळ घेतला.

"आम्ही विकत नाही," ते म्हणाले. "आम्ही सोपवतो. त्याआधी माणूस समजून घेतो. तुमचा गिटारशी संबंध काय?"

"खांद्याचा," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी एक फळी आणली आणि तिच्यावर टकटक केली. "ऐका." मी ऐकलं. फळीवर टकटक केल्यासारखा आवाज आला. मी बराच वेळ मान हलवली, खरं तर माझ्या तब्येतीत ती हलवायला नको होती. हे लाकूड अजून काही वर्षं निजणार आहे, ते म्हणाले, मग त्याची गिटार होईल. हलकं लाकूड? हलक्या लाकडाला स्मृती नसते.

परतीच्या मेट्रोत मी खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. दमलो होतो, आणि ते चालण्यानं नव्हे. पूर्वी माणसं वस्तू बनवत आणि वस्तूंविषयी बोलायला कवी असत. आता वस्तूबरोबर कवीही फुकट मिळतो आणि घरी न्यावाच लागतो. वारसा, भविष्य, स्मृती यांतलं मला काही नको होतं. मला रविवारी शेवटच्या गाण्यापर्यंत डावा हात माझा राहायला हवा होता. एवढं साधं मागणं घेऊन शहरभर फिरलं की ते आपल्यालाच बावळट वाटायला लागतं. उतरेपर्यंत मी ठरवलं की भाच्याला येऊ द्यावं. मी ऐकायला जाईन. एक श्रोता तरी होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या मुलीला खाली बोलावलं. जुनी गिटार पलंगावर ठेवली होती.

"ही तू घेऊन जा," मी म्हणालो. "वाजवत जा. आमचं झालं आता."

"असं काय काका!" ती म्हणाली, पण वाकून एका हातानं तिनं गिटार उचलायला घेतली आणि लगेच दुसरा हात लावला. "बाप रे! केवढी जड आहे ही!"

बायको दारातून म्हणाली, "मी किती वर्षं सांगते. रुब्बायचा दगड आहे तो. इडलीचं पीठ होईल त्याच्यावर."

मी मात्र 'जड' या शब्दाशी अडकलो होतो. आमच्या घरी तो शब्द पावलांना लागतो, पोटाला लागतो, क्वचित पुस्तकाला. सामान असतं ते भारी. पिशवी भारी, सिलिंडर भारी, झोपलेलं मूल भारी. तरुण मंडळी सिनेमाला आणि पावभाजीला भारी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि जिन्यात ऐन वेळी सुचणं वेगळं.

"ती निळी," मी विचारलं, "ती जड होती?"

"निळी? छे हो! पिसासारखी आहे. तेच तर भारी आहे तिच्यात."

"मग माझ्यासाठी नाही असं का म्हणालीस?"

तिनं गिटार खाली ठेवली. मग पलंगाच्या कडेला बसून, जमिनीकडे बघत म्हणाली, "काका, तुम्हीच म्हणालात ना, हलकी हवी. मला वाटलं, हलक्यातली. म्हणजे... स्वस्तातली. ती बरीच महाग आहे. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी जास्त बोललेच नाही."

जिन्यातली ती नजर तेव्हा मला समजली. तिला माझ्या खिशाची दया आली होती.

बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "अय्यो! दोघंही मराठी बोलताय म्हणे!"

त्याच दुपारी आम्ही तिघंही गेलो. निळी गिटार मागच्या भिंतीवर टांगलेली होती, दिव्याविना. विक्रेता जेवायला गेला होता आणि गल्ल्यावरच्या माणसाला गिटारीतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे तिच्याविषयी कुणीच काही बोललं नाही. मी ती गळ्यात घातली. पट्टा खांद्यावर आला आणि तिथंच थांबला, खाली ओढायला लागला नाही. हात सोडला, तिनं मान टाकली नाही. मग मी उभा राहून वाजवत राहिलो, रविवारची सगळी गाणी, ओळीनं, माझा भाग तेवढा. कुणी गात नसताना तो भाग फार कंटाळवाणा आहे हे मला प्रथमच कळलं. पुण्याची मुलगी शेवटपर्यंत ऐकत बसली. बायको मध्येच बाहेर जाऊन कॉफी पिऊन आली.

करंगळीला मुंग्या आल्या, पण शेवटून दुसऱ्या गाण्यात. मनगटापर्यंत त्या पोचल्या नाहीत.

किंमत भारी होती, दोन्ही घरांच्या मराठीत. मी घेतली.

रिक्षात बायकोनं खोकं मांडीवर घेतलं आणि जरा वर उचलून पाहिलं. "अहो, एवढे पैसे घेऊन इतकी हलकी दिली त्यांनी?"

मुलगी रिक्षाबाहेर बघू लागली. त्या शब्दाच्या वाटेला पुन्हा जायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ड्रमवाल्यानं माझ्यासाठी नेहमीप्रमाणे भिंतीशी खुर्ची मांडून ठेवली होती. गेले काही महिने शेवटची गाणी मी तिच्यात बसून, हात चोळत ऐकत असे. निळी कुणाला फारशी आवडली नाही. आमचा गाणारा म्हणाला की ती बाथरूमच्या फरशीच्या रंगाची आहे. आम्ही सुरू केलं. हात मध्येच दुखला, तसाच राहिला, वाढला नाही.

शेवटच्या गाण्याला ड्रमवाल्यानं काड्या वर धरल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "कूत्कोळ्ळल्वेनो?" बसत नाहीस का रे?

"नाही."

त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग गिटारीकडे. भाच्याचं काही तो बोलला नाही. त्यानं मोजून सुरुवात करून दिली, आणि मोजलेलं नेहमीसारखंच चुकलं, त्यामुळे आम्हाला थांबून पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.