गाढवाचा मान

गंजाडची रिक्षा भरेपर्यंत रिक्षावाला बायबल वाचायचा आणि सगळे बसले की आम्हाला त्यातल्या भूमिका वाटायचा. आगरची मासेवाली शिष्य, कचेरीतले भाऊसाहेब जकातदार आणि मी मास्तर म्हणून परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांपैकी एक. तो म्हणायचा, "वाईट नव्हते हो ते, फक्त दुसऱ्यांच्या चुका काढायचे."

एकदा रस्त्याकडेला एक म्हातारा जखमी होऊन पडला होता. "शाळेला उशीर होतोय," मी म्हणालो. त्याने म्हाताऱ्याला उचलून माझ्या शेजारी टेकवलं आणि रिक्षा दवाखान्याकडे वळवली.

मी चिडलो. "म्हणजे जखमी परक्याला गाढवावर घालून नेणारा, त्याच्यापाशी थांबून काळजी घेणारा शोमरोनी तू, आणि मी परूशीच?"

"छे! मी गाढव. पोचवलं की सुटलो," तो हसला. "शोमरोनी तुम्ही, मास्तर. बसा आता म्हाताऱ्यापाशी."