चंद्रावर ठरणारा सण

लग्न होऊन मी उस्मानाबादेत आले, तेव्हा त्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. हे उपदेशक होते आणि ह्यांचा एक हट्ट होता: प्रभू परत येईल तो यहुद्यांच्या कर्ण्यांच्या सणालाच. तो सण नवा चंद्र दिसल्यावरच ठरतो, म्हणून तर बायबलात लिहिलंय की तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं हे सांगायचे.

यहुद्यांचं पंचांग इथं कुठून मिळणार? शेजारच्या मुसलमान चाची दर महिन्याला गच्चीवरून चाँद बघायच्या. तो सण सर्वपित्रीच्या पाठोपाठच येतो, म्हणून गल्लीत सर्वपित्री अमावास्या झाली की हे त्यांना विचारायचे. चाँद दिसला की धुतलेला सदरा घालून अंगणात खुर्ची टाकून बसायचे. आत भाकरी गार व्हायची आणि माझं डोकं तापायचं.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, हे तापानं गेले.

सर्वपित्री आली. दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून आले, ह्यांचा सदरा धुतला, इस्त्री केली, अंगणातल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि शेजारी पायरीवर बसले. आभाळ भरलेलं होतं. चाची कुडापाशी आल्या.

"चाँद काय दिसंना बाई. पर तुमी तर ह्याला येडेपणा म्हणायच्या!"

"आताही म्हणते."

त्या सदऱ्याकडं बघत राहिल्या. प्रभू येताना कर्णा वाजला की मेलेले आधी उठतील, असंही लिहिलंय. उठल्यावर ह्यांनी घालायचं काय?