बाभळीचा ठोकळा

"ब्रेक गेला," सुखदेव मिस्त्री म्हणाले. चहात साखर कमी आहे हे सांगावं तसं, हळू म्हणाले.

आम्ही चिखलदऱ्याचा घाट परतवाड्याकडे उतरत होतो. दरी माझ्या बाजूला होती. आमच्या जुन्या जीपला दारं नाहीत. माझ्या डाव्या पायापासून हातभर अंतरावर रस्ता संपत होता आणि खाली सागाचे शेंडे दिसत होते. मिस्त्रींनी पेडल पार खालपर्यंत दाबलं होतं आणि जीप थांबत नव्हती. केस जळल्यासारखा वास येत होता. माझ्या मांडीवर बाभळीचा ठोकळा होता, दोरी बांधलेला. दोन्ही हातांनी मी तो धरून बसले होते.

मला खरी भीती वाटली ती दरीची नाही. मिस्त्री "मले भेव वाटून राहिलं" असं म्हणाले नाहीत, त्याची वाटली. हा माणूस तीस वर्षं दिवसातून दहा वेळा ते वाक्य म्हणत आला होता. आज म्हणाला नाही, तेव्हा मला कळलं की आता मरतो आपण.

सुखदेव मिस्त्रींचं गॅरेज अकोल्याला जठारपेठेत, आमच्या घरामागच्या गल्लीत होतं. टिनाचं शेड, पुढे कडुनिंब. माणूस उंचापुरा, हाताचे पंजे सुपासारखे, आणि असा भित्रा की लहान पोरंसुद्धा हसायची. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचे. लग्नाला गेले की आधी मांडवाचे चारही खांब हलवून पाहायचे, मग पंगतीला बसायचे. गाडीखाली शिरायचं तर जॅक लावलेला असला तरी शेजारी दगड, त्यावर लाकूड, त्याच्या बाजूला एक जुनं चाक. एवढं करून मला हाक मारायचे, "वयनी, जरा ढकलून पाहा बरं गाडी."

मी ढकलायची. गाडी हलायची नाही. मग मिस्त्री खाली शिरायचे. शिरतानाही एक पाय बाहेर ठेवायचे.

"मिस्त्री, मांजर आलं!" असं ओरडून गल्लीतली माणसं पळायची. मिस्त्री चिडत नसत. म्हणायचे, "हासा. भेणारा माणूस नट दोनदा पाहाते. न भेणारा एकदा पाहाते. मंग लोकं त्याच्या घरी दुखवट्याले बसाले जातात."

मी स्वतः भिणाऱ्यातली नाही. चौथीपर्यंत शाळा, मग मळा, मग भाजीच्या पाट्या. साप मारले आहेत, नवरा पोचवला आहे. भित्र्या माणसाबद्दल मला कधी आदर वाटला नाही. मिस्त्रींबद्दलही वाटत नव्हता. त्यांचं काम चांगलं होतं म्हणून आमच्या घरचं सगळं त्यांच्याकडे जायचं, एवढंच.

त्यांचा एक नियम होता. मोठं काम केलेली गाडी पहिल्यांदा घाटात जाईल तेव्हा त्यात दोघं बसणार. काम करणारा आणि काम सांगणारा. म्हणजे मिस्त्री आणि मालक. तिसरं कुणी नाही. पुष्कळ मालक हसायचे, काही चिडून गाडी दुसरीकडे न्यायचे. मिस्त्री नेऊ द्यायचे.

एकदा मी विचारलं, "हे काय खूळ काढलं तुमी?"

मिस्त्री पाना पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "जवानीत एका ट्रकचं काम केलं मी. ब्रेकचं सामान जुनं होतं. मी म्हनलं, नवं टाका. मालक म्हने, चालते, हेच बसव. म्या बसवून देलं. तो ट्रक उतारावर गेला तवा त्यात ना मी होतो, ना मालक होता. होता तो डायवर. त्यानं ना काम केलं होतं, ना कोनाले सांगितलं होतं, वयनी."

त्यापुढे त्यांनी त्या ट्रकचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.

जीप आमच्या यजमानांची. फौजेनं लिलावात काढलेली, पेट्रोलवर चालणारी. तिच्यातून त्यांनी वांगी, टमाटे, संत्री, एकदा तर बाळंतीणसुद्धा वाहून नेली. ते गेल्यावर जीप मळ्यात चिंचेखाली उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या. पुण्याचा माझा मुलगा विनोद एकदा आला आणि त्याला उमाळा आला. "आई, बाबांची जीप पुन्हा उभी करायची. जशी होती तशी." फोनवरून रोज तेच. मी जीप ओढून मिस्त्रींच्या दारात नेली.

इंजिन उघडलं तर आत केसाएवढी चीर. मिस्त्रींनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं, तेव्हा कुठे मला कळली.

"नागपूरले एक माणूस हाय," मिस्त्री म्हणाले. "लोखंड शिवते."

"लोखंड शिवतात?"

"टाके घालते. गोधडीले घालतो तसे, पितळेचे नाही तर लोखंडाचे. पन त्याच्याकडं लाइन लागली हाय. थांबा लागन."

थांबलो. उन्हाळा गेला, पोळा गेला. जीपचा सांगाडा रंगवून तयार, चाकं तयार, आणि पुढच्या खळग्यात काही नाही. मला चीड यायला लागली. दसऱ्याला विनोद येणार होता. सून, दोन नाती, सगळ्यांना घेऊन आजोबांच्या जीपमधून चिखलदऱ्याला जायचं त्यानं ठरवून टाकलं होतं. त्याच वेळी गॅरेजच्या कोपऱ्यात एका मोडक्या मालवाहू टेम्पोचं डिझेल इंजिन पडलेलं मी पाहिलं.

"हे टाका," मी म्हटलं.

मिस्त्री इंजिनाकडे न पाहता माझ्याकडे पाहायला लागले. "मले भेव वाटून राहिलं, वयनी."

"तुमाले चहाचंही भेव वाटते."

"हे तुरीच्या पोत्याएवढं जड हाय तिच्या इंजिनापेक्षा. तिचं ब्रेक तिच्या वजनाले देलं हाय. तुमी बैल बदलून राहिल्या अन् वेसण तीच ठेवून राहिल्या."

"मले बैलाचं नका शिकवू. बैल मी हाकले हायेत."

"मंग ब्रेकही मोठे टाकू. महिनाभर लागन सामान याले."

"दसऱ्याच्या आत जीप पाहिजे."

विनोदला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मूळ इंजिनच राहू दे. आणि मिस्त्री म्हणतात तसं कर." मी फोन ठेवला आणि मिस्त्रींना सांगितलं, "विनोदले चालते." मी खोटं बोलले. आजवर कुणी मला थांबायला लावलं नव्हतं, या माणसानं आठ महिने लावलं, याचा राग होता. दुसरं काही कारण नव्हतं.

मिस्त्रींनी ते इंजिन बसवलं. ब्रेकला नवे लायनर घातले, ड्रम मात्र जुनेच, लहान. काम संपल्यावर कडुनिंबाखाली बसून बाभळीचा एक ठोकळा तासला. एका बाजूनं उतरता, दुसरीकडून जाड. त्याला भोक पाडून दोरी ओवली आणि ठोकळा माझ्या हातात दिला.

"पोरं दसऱ्याले बसतीन ते बसतीन. त्याच्या आधी मी अन् तुमी."

चढताना जीप झकास चढली. दर्यापूरवरून परतवाडा, तिथून घाट, कुठे दम लागला नाही. मी म्हटलं, "पाहा मिस्त्री, कसं ओढते तुमचं जड इंजिन." ते म्हणाले, "चढाले सारेच मर्द असतात, वयनी. उतरू द्या."

आणि आता उतरत होतो, आणि ब्रेक गेला होता.

मिस्त्रींनी पहिला गिअर टाकायला पाहिलं. गिअर पडला नाही, पायाखालून दात खाल्ल्यासारखा आवाज आला. हातानं ओढायचा ब्रेक ओढला, तर मधल्या पट्टीखालून धूर यायला लागला. वेग थोडा कमी झाला, सायकलीएवढा. मग पुन्हा वाढायला लागला. 

एका वळणावर झाडं विरळ झाली आणि खालचं वळण दिसलं. तिथे एक काळी-पिवळी प्रवासी जीप उभी होती. चाक काढलेलं. माणसं रस्त्यावरच पसरून बसली होती. बायका, पोरं, कुणाच्या मांडीवर डबा. एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा राहून बिडी पेटवत होता. मी मोजली ती माणसं. का मोजली, माहीत नाही. अकरा होती.

मिस्त्रींनीही पाहिलं. हॉर्नवर हात ठेवला तो काढला नाही. पण हॉर्न वाजवून काय होणार. खालच्या माणसांच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. पळणार कुठे?

"तिथवर जायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "वयनी, ऐका. मी उजवीकडं डोंगराच्या नालीत घालतो. चाकं नालीत पडली की मी म्हनीन, टाका. तवा ठोकळा तुमच्या मागच्या चाकाच्या पुढं टाकायचा. आधी नाही. आधी टाकला तर गाडी दरीकडं फिरते. मी म्हनल्याबिगर नाही."

मी "हो" म्हटलं.  दोरी मी हाताला गुंडाळली.  ठोकळा टाकून द्यावा, काहीतरी करावं, असं हातांना वाटत होतं. न टाकता धरून बसणं सगळ्यात अवघड होतं.

त्यांनी जीप उजवीकडे नेली. समोरून कुणी आलं असतं तर तिथेच संपलं असतं. उजवी चाकं धाडकन नालीत पडली, जीप तिरकी झाली आणि मिस्त्रींच्या बाजूचा पत्रा दगडाला घासायला लागला. तो आवाज अजून कधी कधी माझ्या कानात येतो.

"टाका!"

टाकला. चाक त्याच्यावरून उडी मारून गेलं. ठोकळा मागे उडाला, दोरीनं माझ्या तळहाताची साल काढली.

"ओढा! पुन्हा!"

ओढला. खाली वाकून, तोंड चाकापाशी नेऊन, पुन्हा टाकला. या वेळी चाकानं तो चावला आणि सोडला नाही. जीप ओरडत थोडी फरफटली, पुढचं नाक दगडात घुसलं आणि सगळं थांबलं.

इंजिन बंद पडलं होतं. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मिस्त्रींचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. त्यांचा उजवा पाय वाकलेल्या पत्र्यात अडकला होता, नडगी मोडली होती. हे मला मागून कळलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"वयनी," ते म्हणाले, "आता भेऊ का मी?"

"भ्या," मी म्हटलं.

मग तो एवढा मोठा माणूस असा थरथरला की हातातलं स्टिअरिंग खडखड वाजायला लागलं. मी त्यांचा हात धरला नाही. माझाच हात रक्तानं भरला होता.

खालची माणसं धावत वर आली. एकानं मिस्त्रींचा पाय सोडवला. बिडीवाला म्हातारा म्हणाला, "या वयात जोडीनं घाट पाहाले निघाले का, बुढा-बुढी?" एका बाईनं डब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं, पदराची चिंधी बांधली आणि म्हणाली, "बरं झालं आमचं चाक पंक्चर झालं. नाही तं तुमाले पाहाले कोन आलं असतं?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. 

दसऱ्याला जीपची पूजा झाली नाही. विनोदला मी खरं काय ते सांगितलं. फोनवर विनोद नाही म्हणाला होता, हे मिस्त्रींनाही सांगितलं. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर पडून ते म्हणाले, "मले मालूम होतं. तुमी फोन लई लवकर ठेवला होता."

"मंग काहून बसवलं इंजिन?"

मिस्त्रींनी प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोनदा चुकलो मी. पन या खेपी आपुन दोघं आत होतो."

डिझेल इंजिन काढलं. नागपूरच्या माणसाची पाळी यायला पुढचं वर्ष उजाडलं. मी एकदाही घाई केली नाही. चीर शिवून आली, बोटाला टाके लागत होते. जीपचं स्वतःचं इंजिन तिच्यात परत बसलं. मिस्त्री काठी टेकत आले, आणि नियमाप्रमाणे आम्ही दोघं पुन्हा तोच घाट उतरलो. ब्रेक चांगला लागत होता. तरी त्या वळणावर माझे हात ठोकळ्यावर आवळले.

"भेव वाटून राहिलं का, वयनी?"

"हो."

"मंग बरं हाय," मिस्त्री म्हणाले आणि जीप हळूहळू खाली उतरवली.

या पोळ्याच्या आधी ते गेले. घरात, झोपेत. मी त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या खाटेच्या चारही पायांखाली विटा लावलेल्या होत्या, खाट हलू नये म्हणून.

जीप आता विनोद जुन्या गाड्यांच्या मेळ्यात नेतो. लोक वाकून आतलं इंजिन पाहतात आणि मूळचंच आहे म्हणून खूश होतात. मागे विनोद म्हणाला, "आई, सीटखालचा तो लाकडाचा ठोकळा काढू का? तो मूळचा नाही." मी म्हटलं, हात लावू नको. मी असेपर्यंत नाही, आणि नंतरही नाही.

त्या दिवशी घाटात जीपमध्ये आम्ही दोघं होतो, आणि खालच्या वळणावर अकरा जण. तेराही जगलो.