चाचांचं झेडचं बटण

चाचा एका हाताने फॉर्म भरायचे आणि दोन हातवाल्यांना मागे टाकायचे. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत ऑनलाइन फॉर्म भरून देणारी आठ-दहा दुकानं होती. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मला इतरांकडे पाऊण तास लागायचा, चाचांकडे वीस मिनिटं. उजवा हात कोपराच्या खाली नव्हता, तो भूकंपात गेला. पण ती बाही कधी रिकामी लोंबताना दिसली नाही. बेताची कापून, आत दुमडून, काज-बटण करून त्यांनी ती अशी बसवली होती, की नव्या माणसाला वाटावं, ही काहीतरी फॅशन असेल. चाचा मुळात शिंपी. औशाच्या पुढे त्यांचं गाव होतं. हात गेल्यावर कात्री सुटली, मग लातूरला येऊन ते कॉम्प्युटर शिकले.

माझी त्यांची ओळख माझ्या लेकीमुळे झाली. मयुरी अकरावीला लातूरला आली आणि तिच्या मागे मी आले. आमच्या भागात ही रीतच पडून गेली आहे: पोरगी क्लासला, आई खोलीवर आणि बाप गावाकडे. आमचे हे हदगावजवळ शाळेत मास्तर. पोरगी सकाळी सातला जायची ती संध्याकाळीच यायची. दहा बाय दहाच्या खोलीत मी एक भाजी किती वेळ निवडणार? तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला चाचांकडे गेले आणि उभ्या उभ्या त्यांना दोन चुका दाखवल्या. मी बी.कॉम., त्यात कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळे मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायचं.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, एवढं येतं तर बसा की हितंच. माझ्याकडं तसाबी एक हात कमीच हाय."

मी बसले, ती दीड वर्ष बसले.

त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. समोर पोरगं येऊन बसलं की चाचा आधी म्हणायचे, "बेटा, दम सोड. पुरा सोड. हां, आता नाव सांग." माप देताना माणूस पोट आत ओढून उभा राहतो, मग शर्ट तंग होतो, म्हणून शिंपी आधी श्वास सोडायला लावतो. चाचांनी ती रीत फॉर्मला लावली. हसू येण्यासारखंच होतं ते. पण बापाच्या धाकाने चुकीची जन्मतारीख सांगणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि दम सोडल्यावर तीच पोरं बरोबर सांगताना पाहिली आहेत.

दुसरं त्यांचं बोलणं कापडाचं. टक्के कमी पडलेलं पोरगं रडायला लागलं की म्हणायचे, "शिलाईच्या आत दोन बोटं कापड जादा ठेवायचं असतंय. वरून दिसत न्हाई. पोरगं वाढलं की उसवून सोडायचं. तुझ्यातबी हाय तसं." पोरांना त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण रडणं थांबायचं.

आता त्यांच्या वेगाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. इंटरनेटची पानं ज्यात उघडतात तो ब्राउझर चाचांनी हट्टाने निवडलेला होता. गल्लीत तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. त्याच्यात, लिहायच्या रकान्याच्या बाहेर असताना झेड दाबलं की मागचं पान यायचं, एक्स दाबलं की पुढचं. एक आणि दोनचे आकडे दाबले की शेजारची पानं बदलायची. ही चारही बटणं कीबोर्डच्या डाव्या टोकाला आहेत. म्हणजे चाचांचा डावा हात जागचा हलायचा नाही. माउस धरायचा तर हात कीबोर्डवरून उचलावा लागतो, पुन्हा ठेवावा लागतो, बोटं पुन्हा जागेवर आणावी लागतात. दोन हात असलेल्या तुम्हा-आम्हाला हे कधी जाणवतसुद्धा नाही. चाचांचा माउस टेबलाच्या कडेला धूळ खात पडलेला असायचा आणि ते अभिमानाने म्हणायचे, "ह्या उंदराला मी पगार देत न्हाई."

त्या ब्राउझरच्या वर एक पिवळी पट्टी महिनाभर दिसत होती: नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? मी दोनदा विचारलं. चाचा म्हणाले, "चालतंय ते चालू द्या ताई. चालत्या मशिनीला तेल घालावं, उघडू नये." पण मला ती पट्टी सहन होईना. खरकटी भांडी मोरीत पडून राहिली की माझं डोकं फिरतं, तसंच ते. त्यात माझ्या कोर्सच्या सरांनी शिकवलेलं होतं, की सगळं नेहमी अद्ययावत ठेवावं.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला गेले आणि मी दाबलं. पाच मिनिटांत पट्टी गेली. पडदा छान, नवा, गुळगुळीत दिसायला लागला. मी तर कौतुकाची वाट पाहत बसले.

चाचा आले. फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते, बाकावर सहा पोरं बसलेली. त्यांनी पहिल्याला दम सोडायला लावला, तीन पानं भरली आणि मागचं पान तपासायला झेड दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. मग एक, दोन, एक्स, सगळं दाबून पाहिलं. कीबोर्ड उलटा करून झटकला. शेजारच्या मशीनचा कीबोर्ड लावला. पोरगं म्हणालं, "चाचा, वेळ संपला म्हणतंय." पडद्यावर तसंच लिहून आलं होतं. भरलेलं सगळं गेलं.

मी तोवर माझ्या मशीनवर शोधून काढलं होतं. नव्या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकलेली होती. बिघडली नव्हती, लपवली नव्हती, काढली होती. चाचांना मी एवढंच सांगितलं, "कंपनीनं काढलं ते." खोटं नव्हतं. पण खरं किती होतं, ते माझं मला ठाऊक.

चाचा डावा हात उलटा-सुलटा करून पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "त्या येळंला सकाळी शुद्धीवर आलो तर हात नव्हता. आज पुन्हा न्हाई."

मी घाबरले. गेल्या वर्षभरात त्यांनी भूकंपाचं एक अक्षर काढलेलं नव्हतं. बाकावरची पोरं एकेक करून उठून शेजारच्या दुकानात गेली. त्यांना तरी काय म्हणणार? संध्याकाळी मी धावपळ करून जुनी आवृत्ती शोधून घातली; आधीची नेमकी मिळाली नाही, तिच्याही बऱ्याच मागची मिळाली. झेड चाललं, पण फॉर्मचं संकेतस्थळ उघडेना. तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा वापरा, असं तिथून उत्तर आलं. चाचांनी ते वाचलं, मशीन बंद केलं आणि शटर ओढलं.

तीन दिवस दुकान बंद. मुदत उलटून गेली. गल्लीत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न, चाचांना काय झालं? मी खोलीवर पोळ्या करपवत बसले होते. मयुरी म्हणाली, "आई, तू आजारी आहेस का?" आजारी असते तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी गेले तर शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरले आणि जागच्या जागी थिजले. चाचांनी जाड कापडाची एक पिशवी शिवली होती. एका हाताने, दातात दोरा धरून शिवली असणार. त्या पिशवीत माउस घालून ती त्यांनी उजव्या हाताच्या टोकाला नाड्यांनी आवळून बांधली होती आणि माउस टेबलावर सरकवत होते. कोपराजवळची कातडी सोलून लाल झाली होती. टेबलावर फडकं होतं, त्याला रक्ताचे डाग होते.

"चाचा, हे काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडलेच.

"शिकून राहिलो, ताई." माझ्या बोलण्याची नक्कल करत ते म्हणाले, पण हसले नाहीत. "कंपनीला माझ्यासाठी कशाला काय बदलावं लागतंय? मीच बदलतो. एकदा बदललो, अजून एकदा."

मग मला ते पोटात ठेवणं जमलंच नाही. म्हणाले, "चाचा, कंपनीनं काढलं हे खरं, पण ते इथे आणलं मी. शुक्रवारी तुम्ही नमाजला गेल्यावर ती पट्टी मी दाबली. तुम्ही नको म्हणाला होता तरी दाबली. मी केलं."

"तुमी?"

"हो. मी केलं."

आता शिव्या बसणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. चाचांनी दातांनी नाडी सोडली, पिशवी काढून बाजूला ठेवली.

"लई बरं झालं, ताई."

मला वाटलं, धक्क्याने यांचं काहीतरी फिरलं.

"बरं न्हाई तर काय?" ते म्हणाले. "वीस वर्सं होत आली. घर गेलं, अम्मी गेली, हात गेला. कुणाला इचारायचं? जमिनीला? लोकं म्हनले, नसीब. परवा बटन गेलं तवा वाटलं, पुन्हा तेच आलं, वरनं. इचारायला कुणी न्हाई. आन आज तुमी समोर हुबं राहून म्हनता, मी केलं. एवढ्या वर्सांत कुणी म्हनलं न्हाई हो मला, की मी केलं." मग त्यांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "मानसानं केलं असंल तर मानसाला नीट करता येतंय. बसा. करा नीट."

मी रडत होते. ते म्हणाले, "ताई, आधी दम सोडा. पुरा सोडा."

त्या दुपारी आम्ही एकामागून एक चार ब्राउझर उतरवून घेतले. तीन निकामी निघाले. चौथा दिसायला ओबडधोबड होता, पण त्यात कोणत्या बटणाने काय व्हावं ते आपल्याला ठरवता येत होतं. झेडला मागचं पान दिलं, एक्सला पुढचं, एक आणि दोनला शेजारची पानं. चाचांनी झेड दाबलं. पान मागे गेलं. एक्सने पुढे, झेडने पुन्हा मागे, असं त्यांनी दहा वेळा केलं, आणि नवा शर्ट अंगात घालून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाले, "बसला."

मग त्यांनी संशयाने पडद्याकडे पाहिलं. "आन ह्यांनीबी उद्या काढून टाकलं तर?"

"तर मला फोन करायचा," मी म्हणाले. त्यांनी लगेच कागदाचा तुकडा घेतला, माझा नंबर लिहिला, वर लिहिलं, 'बिघडलं तर हदगावच्या ताई', आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवून टाकला.

मयुरी मेडिकलला लागली नाही, थोडक्यात हुकली. नांदेडला फार्मसीला गेली. आमच्या घरात आठवडाभर कुणी मेल्यासारखी शांतता होती. लातूर सोडताना चाचांच्या पाया पडायला गेलो, तर त्यांनी तिला पाया पडू दिलं नाही. "कापड हाय पोरीत आत," ते मला म्हणाले. "तुमी वढू नका, ती सोडंल तिच्या येळंला." नंतर ईदला, दिवाळीला फोन व्हायचे. मग मयुरीचं लग्न, ह्यांचं आजारपण, माझे फोन कमी झाले. हीसुद्धा मीच केलेली गोष्ट आहे, तेव्हा तीही लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "हदगावच्या ताई का? मी लातूरहून बोलतोय, चाचांचा भाचा. दुकान आता मी बघतो. हितं मशिनीवर तुमचा नंबर चिकटवलेला हाय."

मी म्हणाले, "चाचांना द्या ना फोन."

"मामू गेले, ताई. दोन महिने झाले. तुमाला सांगितलं न्हाई का कुणी?"

मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले. मला कोण सांगणार होतं? तो बिचारा घाईत होता, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. "ताई, त्येचं काय हाय, ह्या मशिनीला कायतरी झालंय. जरा रकान्याच्या बाहेर असताना झेड दाबलं की पान मागं पळतंय. भरलेले फॉर्म जातेत. बाकीच्या मशिनींना असं न्हाई. कुणी करून ठेवलंय, काय कळंना."

मी दम सोडला. पुरा सोडला.

"मी केलं," मी म्हणाले.

"मग काढून टाकू का?"

त्याचं चूक नव्हतं. त्याला दोन हात आहेत, त्याला त्या बटणाचा त्रासच होणार. "मी केलंय, मीच येऊन काढते," मी त्याला सांगितलं. "शनिवारी पहिल्या गाडीनं निघते. तोवर त्याला हात लावू नका."