तीन खाचांचा सामता

मस्कतला आलेल्या पाहुण्यांना मॉल दाखवायचे आणि जाताना हलव्याचे डबे बांधून द्यायचे, ही इथली ठरलेली रीत. गेल्या डिसेंबरात माझे अब्बा रत्नागिरीहून महिन्याच्या व्हिजावर आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला सूर दाव. बाकी काय नको."

तरुणपणी अब्बांनी सूरला सहा वर्षं लाकडी गलबतं बांधली. तिथे आता जुन्या दर्यावर्दींचं छोटं संग्रहालय झालंय, हे मीच त्यांना फोनवर सांगून बसलो होतो. आपल्या हातचं काहीतरी तिथे असणार आणि ते नातीला दाखवायचं, एवढीच त्यांची हौस.

गुरुवारी सुट्टी. सकाळी सहाला माबेला, मस्कतचं आमचं उपनगर, सोडलं. किनाऱ्याचा नवा रस्ता अजून पुरा झालेला नाही, त्यामुळे इब्रावरून आतल्या रस्त्याने जावं लागतं. चार तास धरा. वाटेत मलबारी कॉफी शॉपमध्ये परोटा-आमलेट आणि चहा, तिघांचं मिळून एका रियालात झालं. अब्बा वाटभर माझ्या दहा वर्षांच्या सनाला सांगत होते, "कागूद न्हाय, नकाशा न्हाय. डोळ्यानं बघायचा आनि फळी तासायची." तिला निम्मं कळत होतं, पण ती ऐकत होती.

सूरला पोचलो तर दाराला कुलूप. संग्रहालय दुपारी चारला उघडतं, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मासळी-भात खाल्ला, नमाज झाली, गाडीत डुलकी काढली.

दोन खोल्या, तिकीट नाही, फोटो काढायला मनाई. भिंतभर नाखवांच्या तसबिरी, प्रत्येकाखाली नाव, बापाचं नाव, गलबताचं नाव. एका फोटोत गलबताच्या सांगाड्यापुढे वीसेक उघडे सुतार उभे होते. खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'हिंदी कामगार'. अब्बांनी चष्मा पुसून त्यात स्वतःला शोधलं. सापडले नाहीत.

मग ते काचेच्या एका पेटीपाशी थांबले ते हलेचनात. आत सामता होता, धनुकलीच्या दोरीने फिरवून फळीला भोकं पाडायचं सुताराचं हत्यार. मुठीवर तीन खाचा.

"ह्यो माजा हाय," अब्बा म्हणाले.

सनाने आजोबांना पाटी वाचून दाखवली. "दादा, इट सेज, हे शिपच्या ओनरचं आहे. आणि हे कट्स म्हणजे त्याने किती शिप्स बिल्ट केल्या."

अब्बा हसले नाहीत. "घरून पोर झाल्याचं पत्र आलं की मी एक खाच पाडायचो."

पहिली माझी, दुसरी बहिणीची. तिसरी धाकट्या भावाची. ते पत्र सूरला पोचेपर्यंत दोन महिने गेले. अब्बांनी खाच पाडली तेव्हा बाळ गेलेलं होतं. तेही कळवणारं पत्र आलं, तेव्हा अब्बा मिळेल त्या गलबतानं घरी निघाले. हत्यारं मालकाच्या वखारीत राहिली.

ते काचेवर हात ठेवून उभे राहिले तसा पहारेकरी उठला. "बाबा, हाथ नहीं. ये अर्बाब का सामान. खलास."

दाराशी अभिप्रायाची वही होती. नाव, फोन, कंपनी, मग अभिप्राय. अब्बा म्हणाले, "लिव त्यात. मुस्ताक सुताराचा सामता हाय म्हनून लिव. तीन खाचा कसल्या त्येबी लिव."

मी पेन उचललं. कंपनीच्या रकान्यात माझ्या अर्बाबचं, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिजा त्या मालकाचं, नाव लिहिलं आणि तिथेच थांबलो. त्या गलबतवाल्या मालकाचं घराणं बडं आहे, आणि माझा अर्बाबही सूरचाच. कुणी फोन फिरवला तर? माझा व्हिजा, सनाची शाळा. पहारेकरी बघत होता. मी लिहिलं, 'व्हेरी नाइस म्युझियम'.

"लिवलंस?"

"हो, अब्बा. सगळं लिहिलं."

त्यांनी मोठ्या समाधानाने पहारेकऱ्याला सलाम केला. परतताना चार तास ते गाडीत शांत झोपले. मला स्वतःची किळस येत होती.

माबेलाला घरी पोचल्यावर सनाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "पप्पा, मी वाचलं तुम्ही काय लिहिलं ते. दादांना सांगू?"

मी नको म्हणालो. तिने सांगितलं नाही. आता तीही खोटं सांभाळायला शिकली.

अब्बा परत गेलेत. फोनवर दर वेळी विचारतात, पाटी बदलली का. मी इन्शाल्ला म्हणतो. तुम्ही सूरला गेलात तर चारनंतर जा, आणि जमलं तर त्या वहीत मुस्ताक सुताराचं नाव लिहा. तुमचा अर्बाब तिथला नसेल.