तारीखबाईंचा दुसरा रकाना

आमच्या ऑफिसात तारीखबाईंना साधा प्रश्न विचारायची सोय नाही. "या कंपनीची श्रेणी काय हो?" एवढं म्हटलं की त्या चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कधीची?" त्यांची नणंद एकदा ऑफिसात आली होती. ती म्हणाली, "वहिनीशी भांडायचं म्हणजे कॅलेंडर घेऊन बसावं लागतं. मी कोणत्या दिवशी काय बोलले, ते माझ्यापेक्षा हिलाच जास्त पाठ."

आमचं काम म्हणजे शिक्षकांच्या पेन्शनचे पैसे गुंतवणं. कंपन्यांचे कर्जरोखे घ्यायचे आणि तेही फक्त 'अ' श्रेणीचे, हा नियम. श्रेणी, म्हणजे कंपनीची कर्ज फेडायची पत, बाहेरची एक संस्था ठरवते आणि तिला वाटेल तेव्हा बदलते. बदलली की ती संगणकात चढवायचं काम तारीखबाईंचं. जुनी श्रेणी पुसून नवी लिहिली की झालं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण बाई जुनं काही पुसत नाहीत. प्रत्येक बदलाला नवी ओळ, आणि ओळीत तारखेचे दोन रकाने: श्रेणी कधी बदलली, आणि ती आपल्याकडे कधी चढली.

"बाई, एवढी अडगळ कशाला?" मी एकदा म्हटलं. "आज काय आहे ते कळलं म्हणजे पुरे."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लग्नात तुमचं पोट एवढं होतं का? नव्हतं ना? मग आजचा फोटो दाखवून तुमच्या बायकोला विचारायचं का, की असला नवरा का पसंत केलास म्हणून?"

अख्खं ऑफिस हसलं. मी पोट आत घेतलं आणि बाईंचा उपदेश तिथेच सोडून दिला.

ते मला वर्षअखेरीला भोवलं. अहवाल आणि रंगीत तक्ते हा माझा प्रांत. तीन वर्षांतल्या सगळ्या खरेदीची यादी केली, प्रत्येकीपुढे श्रेणी टाकली, आणि घाईत टाकली ती आजची. तीन रोख्यांपुढे लालभडक 'क' उमटला. मला तर तो रंग छान दिसतोय असंच वाटलं. अहवाल थेट शिक्षकांच्या समितीकडे गेला.

त्या तिन्ही खरेद्या मामांच्या होत्या. मामा म्हणजे आमचे खरेदीवाले, ऑफिसातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. समितीचं पत्र आलं: नियम मोडून खरेदी कशी केली याचं उत्तर गुरुवारपर्यंत द्या, नाहीतर घरी बसा.

मामा सोमवारी सकाळी आले ते थेट तारीखबाईंच्या टेबलापाशी. "श्रेण्या तुम्ही चढवता. चुका तुम्ही करायच्या आणि गळ्यात माझ्या बांधायच्या? बरा म्हातारा सापडला तुम्हाला." आणखीही बरंच बोलले. बाईंचा चेहरा उतरला. खरा गुन्हेगार, म्हणजे मी, टेबलाखाली वाकून पेन शोधत होतो. पेन माझ्या खिशातच होतं.

दुपारी मात्र मला राहवेना. बाईंच्या समोर जाऊन सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या आणि त्यांनी जुन्या ओळी उघडल्या. पहिला रोखा, खरेदीच्या दिवशी 'अ'. दुसराही 'अ'. माझ्या जिवात जीव आला. तिसऱ्याची श्रेणी मंगळवारी घसरली होती आणि मामांनी तो घेतला होता बुधवारी.

"गेले मामा," मी म्हणालो.

 बाईंचं बोट दुसऱ्या रकान्यावर थांबलं होतं. नोंद चढली शुक्रवारी. त्यांनीच सांगितलं, घसरल्याचं पत्र त्यांना मंगळवारी संध्याकाळीच मिळालं होतं. पण सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून त्या दोन दिवस रजेवर गेल्या आणि ते पत्र कोणाच्या हवाली करायचं राहून गेलं. बुधवारी मामांच्या पडद्यावर 'अ'च दिसत होता.

हा रकाना त्यांच्याशिवाय कोणी उघडत नसे. दाखवला तर मामा सुटणार आणि बाई अडकणार. विभागप्रमुखाच्या जागेसाठी बाईंचं नाव समितीचं पत्र आलं त्याच आठवड्यात वर गेलं होतं. बारा वर्षं त्या या जागेची वाट पाहत होत्या.

"बाई, नाहीच छापला तर?" मी हळूच विचारलं.

"बुधवारी मामांना काय माहीत होतं, हे त्या एकाच रकान्यात आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही रकाने छापा. आणि या खेपेला लाल रंग नको."

गुरुवारी समितीने मामांना मोकळं केलं. मला यथेच्छ बोलणी बसली, ती मी घेतली. बाईंच्या हातात लेखी समज आली आणि वर गेलेलं नाव खाली आलं. मला वाईट वाटलं. त्याहून जास्त लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत मामा स्वतःची खुर्ची ओढत बाईंच्या टेबलापाशी आले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सोमवारी चार लोकांत तुम्हाला नाही नाही ते बोललो. ते सगळं परत घेतो."

"परत नका घेऊ, मामा. सोमवारी तुम्हाला जेवढं माहीत होतं, त्यावरून बोललात तुम्ही. आज जे माहीत आहे, त्यावरून आज बोला."

मामांनी आपला डबा बाईंपुढे सरकवला.  ऑफिसात सगळ्यांना 'अहो-जाहो' करणारा तो माणूस शेवटी एवढंच म्हणाला, "पोरी, जेवलीस का?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि मग त्यांना रडू आवरेना.