दोन्हीकडचं पाणी

मी पदवीधर झालो तो कुसुमआत्यामुळे. आणखी कुणाकुणाचे आभार मानायचे आहेत, पण ते सगळे तिच्यानंतर.

बँकॉकला निघालो त्या दुपारी ती दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीखाली टँकरच्या रांगेत उभी होती. रिक्षात बॅगा चढल्या, पण तिला नंबर सोडता येईना. मग दोन हंडे आणि एक निळा ड्रम यांच्यामध्ये उभं राहून मी तिला वाकून नमस्कार केला. मानपाड्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं यंत्रांशेजारी काम करून तिचे कान गेले होते, त्यामुळे ती सगळंच ओरडून बोलायची. "जेवत जा! आणि पत्र टाक. फोनवर मला काय ऐकू येणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बँकॉकला शिकायला? मसाज शिकणार काय रे मिल्या?" सगळी रांग हसली. आत्याला ते ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली. ती समोर उभी राहून हसलेली मी पाहिली ती तेव्हाच, शेवटची.

आई गेली तेव्हा मी टिटवाळ्याच्या मराठी शाळेत होतो. बाबा त्याआधीच गेलेले. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं. ती आली, माझं दप्तर उचललं आणि मला दिव्याच्या खोलीत घेऊन आली. दर रविवारी विहारात ती सगळ्यांच्या पुढे बसून वंदना घ्यायची. त्रिशरण, पंचशील मी तिच्याच आवाजात शिकलो.

बँकॉकमध्ये आम्ही परदेशी विद्यार्थी एका अरुंद गल्लीत राहायचो. माझ्या खोलीत म्यानमारचा मिन होता. पहिले काही दिवस मी सकाळी उठून दोन्ही बादल्या, पातेलं, पाण्याच्या बाटल्या, सगळं भरून ठेवायचो. मिन नळ सोडून दाखवायचा आणि म्हणायचा, "मिलिंद, पाणी कुठे पळून जात नाही." लेक्चर इंग्रजीत असायचं. मी ते मनात मराठीत करायचो, तोवर मास्तर पुढच्या पानावर गेलेले असायचे. व्हिसाच्या कचेरीत टोकन घेऊन बसायचं, प्रयोगशाळेतून आल्यावर भातावर अंडं घालून खायचं, घरच्यांना फोटो पाठवायचे ते मात्र चकचकीत मॉलसमोरचे. सगळेच तसं करायचे. एकदा मी फार रडकुंडीला आलो तेव्हा मिन म्हणाला, "तुझं घर निदान जागेवर तरी आहे." तिकडच्या यादवीमुळे त्याला घरी परतायची सोय उरली नव्हती.

खाली नूडल्सची गाडी लावणारी आमची घरमालकीण, पा नोई. पा म्हणजे तिकडची मोठी आत्या-मावशी. दिसलो की तिचा एकच प्रश्न, जेवलास का? त्या एका वाक्यासाठी मी तिच्या गाडीवरून मुद्दाम जायचो. मी बौद्ध आहे हे कळल्यावर तिला खरंच वाटेना. मग नवऱ्याच्या स्मृतिदिनाला ती मला त्यांच्या विहारात घेऊन गेली. भिक्खूंचं पठण सुरू असताना तिथे प्रत्येक जण छोट्या सुरईतलं पाणी बारीक धारेनं वाटीत ओततो आणि नंतर ते झाडाच्या मुळाशी घालतो. गेलेल्या माणसाला त्याचं पुण्य पोचतं, अशी समजूत. त्या दिवशी माझ्या हातून जे झालं, ते मी आत्याला हसू यावं म्हणून पत्रात लिहिलं.

तेव्हा ती आजारी होती. मूत्रपिंडं निकामी होत होती. व्हिडिओ कॉलवर माझं काही तिला ऐकू यायचं नाही, म्हणून हात हलवून ती एकटीच बोलायची. "यायचं नाही हं. डिग्री हातात घेऊनच यायचं." प्रबंधाची शेवटची परीक्षा तोंडावर होती. मी गेलो नाही. आजवर तिचं ऐकूनच माझं सगळं चांगलं झालं होतं.

आत्या गेल्याचं कळल्यावर निघालो आणि पोचलो ते तिच्या नावानं होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. परित्राण पाठ संपला, भंतेजींनी कलशातलं पाणी सगळ्यांच्या ओंजळीत दिलं. मी उठलो आणि गटाराशेजारच्या शेवग्याच्या बुंध्याशी ते ओतलं. शेजारच्या संगीतावहिनी धावत आल्या. "अरे, काय करतोस? हे प्यायचं असतं ना! विसरलास काय तिकडं जाऊन?" कुणी हसलं नाही.

आता मी कल्याणला भाड्याच्या खोलीत राहतो. नोकरी बरी आहे. आत्याच्या खोलीत दुसरं कुटुंब आलंय, ड्रम मात्र तिचाच, निळा. जे गाव सोडून गेले आणि जे मागे राहिले, त्या दोघांनाही मला सांगायचंय की घर म्हणजे जागा, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. काय चुकलं, काय बरोबर, हे जिला विचारता येत होतं, ती म्हणजे घर. आता दोन्हीकडे चुकतो आणि विचारायला कुणी नाही.

माझं पत्र पोचलं तेव्हा आत्या दवाखान्यात होती. घरी आली की वाचेल म्हणून संगीतावहिनींनी ते बुद्धमूर्तीमागे ठेवलं होतं. ती घरी आलीच नाही. पाकीट मला बंदच मिळालं. मीच ते फोडलं.

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

आज तुझ्या भाच्यानं इथे दिव्याची अब्रू घालवली. विहारात पाणी ओतायचं होतं. पा नोईनं खुणेनं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, आईसाठी. पठण झालं. मला वाटलं, आपल्यासारखंच परित्राणाचं पाणी. वाटी कपाळाला लावली आणि घटाघटा पिऊन टाकली! सगळे बघतच राहिले. पा नोई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर कळलं, ते आईचं होतं, झाडाला घालायचं होतं.

तू म्हणशील, बरं केलंस, पाणी वाया घालवलं नाहीस. पण आत्या, आईच्या वाटणीचं मी प्यायलो. आता तिचं तिला कसं पोचवायचं? का आपल्यात असं काही नसतंच? तू लवकर लिही. तू सांगशील तसंच करीन.

तुझा,
मिलिंद